तबकड्या कुजतात, म्हणून फेकायच्या?

पुण्यातील स्वारगेटच्या आसपासच्या, म्हणजे मुकुंदनगर, पर्वती, सहकारनगर या भागांतील जुन्या सहकारी गृहरचना संस्थांच्या इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होऊ लागल्यापासून, त्यांच्या माळ्यांवरून आणि लोखंडी कपाटांच्या खालच्या कप्प्यांतून निघून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जे सामान जाते, त्यात सीडी आणि डीव्हीडी यांच्या चळती मी सातत्याने पाहत आलो आहे; आणि त्या चळतींविषयी सुशिक्षित, सुस्थित, आपल्या वाडवडिलांच्या तसबिरींना दसऱ्याला न चुकता हार घालणाऱ्या माणसांच्या तोंडून जे मत वारंवार ऐकू येते, त्याचा एकदा सविस्तर प्रतिवाद झाला पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

ते मत असे आहे. या तबकड्या स्वभावतःच नाशवंत आहेत; दहा-पंधरा वर्षे झाली की त्या कुजतात आणि लावल्या तरी लागत नाहीत. त्यांवर जे सिनेमे आहेत ते आज मोबाइलवर घरबसल्या पाहता येतात. जे पाहता येत नाही, म्हणजे घरची लग्ने, मुंजी, बारशी, ते पुन्हा पाहायला कोणाला सवड आहे? तेव्हा जागा अडवणारा हा पसारा काढून टाकावा, फार तर त्यातल्या चार तबकड्या कबुतरे बसू नयेत म्हणून बाल्कनीत दोरीला टांगाव्यात. हे शेवटचे मी वाक्याला जोर यावा म्हणून लिहिलेले नाही. पुण्यातल्या कोणत्याही वसाहतीत मान वर करून पाहिले तर उन्हात फिरणाऱ्या त्या चकत्या दिसतात, आणि त्यांतल्या कितींवर कोणाच्या आजोबांचा आवाज आहे हे टांगणाऱ्याने टांगण्यापूर्वी तपासून पाहिलेले नसते.

या मतातील पहिले विधान अर्धसत्य आहे, आणि उरलेली सगळी विधाने त्या अर्धसत्याच्या जामिनावर उभी आहेत. तबकड्या खराब होतात हे खरे. पण त्या कशाने खराब होतात, सगळ्या सारख्याच होतात काय, आणि खराब होत असल्या तर त्यावरून त्या फेकून द्याव्यात हा निष्कर्ष कोणत्या न्यायाने निघतो, हे प्रश्न कोणी विचारत नाही. रुग्ण आजारी आहे एवढ्यावरून त्याला स्मशानात पोहोचवण्याची तयारी करणाऱ्याला आपण काय म्हणू?

प्रथम त्या कुजण्याचेच पाहू, कारण ज्याच्या नावाने एवढा निकाल दिला जातो त्याची खातरजमा निकाल देणाऱ्यांनी क्वचितच केलेली असते. सीडी ही १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या वरच्या अंगाला माहितीच्या सूक्ष्म खाचा उमटवलेल्या असतात, त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ, प्रकाश परतवणारा थर, त्यावर लॅकरचा लेप आणि त्या लेपावर छापील नाव. म्हणजे जी चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो, तिला मिलिमीटरहून जाड प्लास्टिकचे कवच लाभलेले आहे. आणि जी बाजू आपण निर्धास्तपणे टेबलावर घासतो, जिच्यावर बॉलपेनने दाबून मुंजीची तारीख लिहितो, जिच्यावर चिकट कागदाचे लेबल डकवतो, त्या बाजूला माहिती आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये केसाच्या जाडीइतकाही आडोसा नाही. डीव्हीडीची रचना निराळी. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकासारख्या चिकट द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मध्ये दडलेला असतो. तो जोड कडेला उसवला, तेथून ओल आणि हवा आत शिरली, की ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होते, थर निस्तेज होतो, आणि तबकडी दिव्यासमोर धरली तर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागतात. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या तबकड्यांत तर खाचाच नसतात. तेथे सायनीन, थॅलोसायनीन किंवा ॲझो या वर्गांतील सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या किरणाने तो जागोजागी भाजून नोंद केलेली असते. या रंगद्रव्याचा वैरी ऊन. कपड्याचा रंग उन्हात विटतो तशी ही नोंद विटते.

तेव्हा ज्याला आपण एका शब्दात कुजणे म्हणून मोकळे होतो, ते प्रत्यक्षात तीन-चार निरनिराळे रोग आहेत, आणि प्रत्येकाचे कारण निराळे व प्रतिबंधही निराळा आहे. त्यांतल्या काहींचा तर ठावठिकाणाही सांगता येतो. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात तयार झालेल्या काही सीडींचा लेप कागदी वेष्टनातील गंधकयुक्त द्रव्यांपुढे टिकला नाही आणि त्या तबकड्या कडेपासून आत तांबूस होत गेल्या, हे सर्वश्रुत आहे. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेने २००६ ते २००८ या काळात काढलेल्या आपल्या काही डीव्हीडी अकाली निकामी होत असल्याचे २०२५ साली स्वतःच मान्य केले. यावरून काय सिद्ध होते? अमुक कारखान्याचा, अमुक काळातला, अमुक दोषाचा माल खराब झाला, एवढेच. त्याच काळातल्या दुसऱ्या कारखान्यांच्या तबकड्या आजही बिनतक्रार चालतात. एका पेढीचे दिवाळे निघाले म्हणून गावातल्या सगळ्या पेढ्यांची खाती बुडीत धरण्याचा हा हिशेब आहे, आणि तो अर्थातच चुकीचा आहे.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाकडे एकाच लग्नाच्या, एकाच कॅसेटवरून, एकाच दिवशी उतरवलेल्या दोन तबकड्या होत्या. एक प्लास्टिकच्या कडक डबीत, आतल्या खोलीच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली उभी ठेवलेली. दुसरी कागदी लेबल चिकटवून, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, माळ्यावर, स्लॅबच्या थेट खाली. पहिली सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागली. दुसरी कन्यादानापर्यंत आली आणि सप्तपदी सुरू होण्यापूर्वीच अडकली. तबकडी स्वभावतःच नाशवंत असती तर दोघींची गती एक व्हायला हवी होती. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या जपणुकीविषयी जी पुस्तिका काढली, तीत साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली आहे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास जातो, सिमेंटच्या स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो, आणि आषाढ-श्रावणात तोच माळा ओल धरतो. ही हवा आपल्याला बदलता येणार नाही. पण माळ्याऐवजी आतल्या भिंतीचे कपाट, पाकिटाऐवजी डबी, आडव्या चळतीऐवजी उभी मांडणी आणि बॉलपेनऐवजी मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ टोकाने लिहिलेले नाव, हे कोणत्या घराला परवडत नाही? आपण तबकडीला वर्षानुवर्षे सगळ्यांत वाईट जागी ठेवले आणि ती बिघडल्यावर तिच्या जातीलाच दोष दिला, हा न्याय नव्हे.

येथे दुसऱ्या टोकाच्या माणसांनाही उत्तर दिले पाहिजे, कारण त्यांची निश्चिंती पहिल्यांच्या उतावळेपणाइतकीच घातक आहे. ते म्हणतात, कंपनीने शंभर वर्षांची हमी दिली होती. तबकडी अजून आरशासारखी चकाकते. गेल्या दिवाळीत लावली तेव्हा चालली. मग एवढी घाई कशाची? शंभर वर्षांचा हा आकडा शंभर वर्षे वाट पाहून कोणी काढलेला नाही. सीडी बाजारात आली १९८२ साली आणि डीव्हीडी १९९६ साली; त्यांच्या वयाचा अनुभव जगाला अद्याप अर्ध्या शतकाचाही नाही. तो आकडा भट्टीत उष्णता आणि दमटपणा वाढवून केलेल्या प्रयोगांवरून गणिताने काढलेला अंदाज आहे, आणि तो अंदाज उत्तम मालाचा, उत्तम लेखनाचा व उत्तम साठवणीचा आहे. कॅनडाच्या जतन संस्थेने सिनेमाच्या छापील डीव्हीडीला दहा ते वीस वर्षांचेच आयुर्मान दिले आहे. आणि ‘चालली’ हा तर पुरावाच नव्हे. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीच्या आधारे तबकडी वाचणारे यंत्र वाटेत आलेल्या चुका आपल्या आपण दुरुस्त करून घेते आणि पडद्यावर निर्दोष चित्र दाखवत राहते. झीज होतच असते, चुकांची संख्या वाढतच असते, परंतु जोवर ती दुरुस्तीच्या आवाक्यात आहे तोवर पाहणाऱ्याला कशाचाही सुगावा लागत नाही. आणि ज्या दिवशी ती मर्यादा ओलांडली जाते त्या दिवशी कालपर्यंत सुरळीत चालणारी तबकडी चौकोन-चौकोन फुटून एकाएकी थांबते. जुनी व्हीएचएस कॅसेट म्हातारी होताना आधी रेघा आणि खरखर यांनी सूचना देत असे. तबकडी अशी सूचना देत नाही. म्हणून ती चालते आहे तोच तिची नक्कल घेण्याचा काळ होय, आणि तो किती उरला आहे हे तिच्या मालकाला नुसत्या नजरेने कधीच कळणार नाही.

आता ‘सगळे इंटरनेटवर आहे’ या वाक्याकडे वळतो, कारण फेकणाऱ्यांची खरी भिस्त त्यावर आहे. सगळे म्हणजे काय? जे हिंदी चित्रपट दर महिन्याला कोठल्या ना कोठल्या वाहिनीवर लागतात ते आहे, यात शंका नाही. एका डीव्हीडीत तीन-तीन सिनेमे कोंबलेल्या, पदपथावर विकल्या गेलेल्या चोरट्या प्रतींसाठीही मी अश्रू ढाळायला सांगत नाही. पण मराठी घरातल्या संग्रहात एवढेच होते काय? त्यात लहान कंपन्यांनी काढलेली नाटकांची ध्वनिचित्रमुद्रणे होती, ज्यांतला नटसंच पुन्हा कधीही एकत्र येणार नाही. कीर्तने होती, भारुडे होती, गावोगावच्या शाहिरांचे पोवाडे होते, बालनाट्ये होती. नोएडाच्या मोझर बेअर या कंपनीने २००६-०७च्या सुमारास चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढल्या तेव्हा अनेक भाषांतले चित्रपट पहिल्यांदाच मध्यमवर्गीय घरांत मालकी हक्काने आले. ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. अशा कंपन्यांनी काढलेले प्रत्येक शीर्षक पुढे कोणीतरी पुन्हा प्रसिद्ध करील, याची हमी कोण देतो? ज्या प्रवाही सेवांवर, म्हणजे ओटीटीवर आपण विसंबतो, तेथे चित्रपट मुदतीच्या कराराने येतात आणि मुदत संपली की निघून जातात. पाहणाऱ्याला त्याची नोटीसही अनेकदा मिळत नाही. आपण तेथे भाडेकरूही नाही. आपली वहिवाट कोणत्याही क्षणी मोडता येते. तबकडी मात्र आपल्या मालकीची आहे. तिच्यात दोष आहेत. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, आजच्या पडद्यावर धूसर दिसणारे. तिच्यात चौऱ्याहत्तर मिनिटे मावत असल्यामुळे एक चित्रपट दोन तबकड्यांत तुटलेला, आणि दुसरी हरवली की उत्तरार्ध गेला. तरीही एखाद्या प्रयोगाची जगात उरलेली एकमेव प्रत धूसर असली, तर ती धूसर आहे म्हणून टाकून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि हे पुण्यात राहून म्हणावे! ज्या शहरात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जुन्या चित्रपटांचे तुकडे भारतभर हिंडून गोळा केले, त्या शहराला प्रती नष्ट होतात म्हणजे काय होते हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले बहुतेक सगळे नष्ट झाले. काही ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या आगींत, काही ओलीने, आणि पुष्कळसे फिल्ममधली चांदी काढून विकण्यासाठी जाणूनबुजून. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कोठेही उपलब्ध नाही. ज्यांनी त्या फिती वितळवल्या ते दुष्ट नव्हते. तेही हेच म्हणत होते की जुना माल खराब होतच असतो, बोलपट आले आहेत, आता हे मुके चित्र पाहणार कोण? आज भंगारवाल्याला तबकड्यांची पिशवी देणाऱ्या माणसाच्या तोंडचे वाक्य शब्दशः तेच आहे.

तरी व्यावसायिक चित्रपटांचे एक वेळ सोडा. माझा खरा झगडा घरगुती चित्रणाला क्षुद्र लेखणाऱ्यांशी आहे. १९८० नंतर लग्नांत व्हिडिओ शूटिंगची प्रथा रुळली. त्या व्हीएचएस कॅसेटी २००० नंतरच्या दशकात घरोघर सीडी-डीव्हीडीवर उतरवल्या गेल्या. आणि उतरवल्यावर कॅसेट टाकून दिली गेली, कारण ‘आता सीडी आली’. म्हणजे घरातली ती तबकडी दुय्यम नक्कल राहिलेली नाही; अस्सल नष्ट झाल्यामुळे तीच आता अस्सल आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे बंद केले. कॅसेट सापडली तरी ती लावायची कशावर हा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वीच्या हँडीकॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या आठ सेंटिमीटरच्या चिमुकल्या डीव्हीडींची अवस्था आणखी बिकट. ‘फायनलाइज’ करायच्या, म्हणजे मुद्रण पूर्ण झाल्याची नोंद करायच्या राहून गेल्या असतील तर त्या दुसऱ्या यंत्राला रिकाम्याच वाटतात, आणि त्या रिकाम्या आहेत असे समजून कित्येक घरांनी बाळाची पहिली पावले कचऱ्यात टाकली असतील.

‘पण त्यात असते काय? तीच हळद, तेच अक्षतांचे तबक, तीच पंगत!’ असे म्हणणाऱ्याने एकदा नीट पाहावे. त्या चित्रणात नवरा-नवरी तर आहेतच; पण कॅमेरा फिरतो तेव्हा जात्यापाशी बसून ओवी म्हणणारी एक वृद्धा आहे, जिची ओवी कोणत्याही संग्रहात छापलेली नाही आणि जिची बोली आता त्या घरात कोणी बोलत नाही. वरात निघते तेव्हा मागे उड्डाणपुलाच्या आधीचा जेधे चौक आहे, पीएमटीच्या बसगाड्या आहेत, ज्या संस्थेचे नावच २००७ साली बदलले. एसटी स्थानकाच्या कडेला उभ्या असलेल्या, सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी ‘व्हिडिओ कोच’ आहेत. भुयारी मेट्रोच्या खोदाईपूर्वीचा, आज ओळखूही न येणारा रस्ता आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली. त्याआधीचा हा परिसर सामान्य माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, आवाजासकट, हलताना पाहायचा असेल तर तो सरकारी दप्तरात नाही. तो लग्नाच्या सीडीत आहे.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जेव्हा गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मागत होते तेव्हा त्यांना घराघरांतून हेच उत्तर मिळत असे की ती कसर लागलेली रद्दी आहे, त्यात आमच्या घरचे किरकोळ हिशेब आहेत, ती कोणाच्या काय कामाची? त्या ‘रद्दी’तून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि पानिपतच्या काळाचा इतिहास नव्याने लिहावा लागला; पुढे १९१० साली याच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. कोणता कागद मोलाचा आहे हे तो कागद ज्यांच्या घरात होता त्यांना कळले नव्हते, कारण मोल ठरवणारा काळ अजून यायचा होता. आपल्या काळाचे घरगुती दप्तर मोडी लिपीत लिहिलेले नसून लेसरने लिहिलेले आहे, एवढाच फरक. मोडीचा कागद कसरीने खाल्ला तरी उरलेल्या ओळी वाचता येतात. तबकडीची गोष्ट त्याहून नाजूक आहे: तिच्या अनुक्रमणिकेचा आतल्या कडेचा एवढासा भाग गेला की उरलेली सगळी माहिती जागेवर असूनही साध्या यंत्राला ती तबकडी ओळखताच येत नाही. म्हणून राजवाड्यांच्या काळी जेवढी दिरंगाई परवडली तेवढी आपल्याला परवडणार नाही.

‘मोबाइलवर घेतले आहे, आता तबकडी कशाला?’ असे विचारणारे आणखी एक सावध दिसणारे मंडळ आहे. त्यांनी काय घेतलेले असते? टीव्हीच्या पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेले, व्हॉट्सॲपवरून पाठवताना दाबून आणखी लहान केलेले चित्र. आणि ते आहे त्या मोबाइलमध्ये, जो दोन-चार वर्षांत बदलला जाणार. ही नक्कल नव्हे. नक्कल म्हणजे तबकडीवरील मूळ फाइली जशाच्या तशा, व्हीसीडीतल्या डॅट फाइली असोत की डीव्हीडीतल्या व्हीओबी, संगणकावर उतरवून घेणे, उतरल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहणे, आणि एकाच ठिकाणी न ठेवता निदान दोन ठिकाणी ठेवणे. एका टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर भरलेल्या दोनशे डीव्हीडी मावतात. म्हणजे बहुतेक कुटुंबांचा सगळा संग्रह हाताच्या तळव्याएवढ्या पेटीत बसतो. ती पेटीही बिघडते, म्हणून दुसरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांतील घरांत क्षणार्धात पाणी शिरले, ते आपण स्वारगेटकरांनी पाहिले आहे. १२ जुलै १९६१चा पानशेतचा प्रलय ज्यांनी पाहिला त्यांच्याकडे तर लग्नाचा एक फोटोही उरला नाही अशी कुटुंबे होती. दोन प्रती एकाच कपाटात असतील तर पुरापुढे ती एकच प्रत आहे. आणि नक्कल झाल्यावरही मूळ तबकडी फेकू नये, कारण आज जो भाग वाचता आला नाही तो उद्याच्या अधिक चांगल्या यंत्राला वाचता येईल.

‘हे बेकायदेशीर तर नाही?’ अशी शंकाही काही सज्जन पुढे करतात. ज्यांना काहीच करायचे नसते त्यांना कायदा नेहमी आठवतो. घरच्या लग्नाच्या चित्रणापुरते तरी निःशंक असावे: १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्रण करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक करवून घेणारा असतो. म्हणजे छायाचित्रकाराला पैसे देणारे तुमचे वडील. आपल्याच मालमत्तेची नक्कल घ्यायला परवानगी कोणाची मागायची?

राहिली सवडीची तक्रार. एक डीव्हीडी उतरायला पाव तासाच्या आतबाहेर वेळ लागतो आणि त्या वेळात माणसाला यंत्रापाशी बसून राहावे लागत नाही. एका यंत्रावर अडली तर दुसऱ्या यंत्रावर लावावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह वाचतो, हा नित्याचा अनुभव आहे. हट्टी तबकडीसाठी वाचता येतील ते भाग आधी उचलून घेणारे आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारे प्रोग्राम फुकट मिळतात. मात्र ज्या ड्राइव्हवर हे करायचे तो आता नव्या लॅपटॉपमधून नाहीसा झाला आहे. यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह बाजारात अजून मिळतो, पण हा बाजार आवरता घेतला जातो आहे: सोनीने लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५च्या फेब्रुवारीत थांबवले. तबकडीचे आयुष्य आणि ती वाचणाऱ्या यंत्राचे आयुष्य, या दोन मुदतींपैकी जी आधी संपेल ती आपली मुदत.

म्हणून माझे म्हणणे फेकणाऱ्यांच्या नेमके उलट आहे. तबकडी खराब होते, हा तिला घराबाहेर काढण्याचा हुकूम नाही. ती खराब होते म्हणूनच तिच्यावर जे आहे ते आज, ती बोलती आहे तोवर, उतरवून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जी वस्तू अमर असती तिच्याकडे दुर्लक्ष करणे एक वेळ क्षम्य ठरले असते.

आणि हे काम एकेकट्या घरावर सोडून चालणार नाही, कारण ज्या घरांत आता सत्तरी ओलांडलेले दोघेच राहतात त्यांना संगणक जोडून देणारे कोणी नाही. आपल्या या भागात गणेश मंडळांची वाण नाही. त्यांच्या स्वतःच्या कपाटांत विसर्जन मिरवणुकींच्या, देखाव्यांच्या, रक्तदान शिबिरांच्या तबकड्या पडून आहेत. वाचनालये आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, स्नेहसंमेलनांची चित्रणे कुलूपबंद करून विसरलेल्या शाळा आहेत. प्रत्येक मंडळाने वर्गणीतून एक ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, संगणक जाणणाऱ्या दोन मुलांना रविवारी सकाळी बसवावे आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावे की तुमच्या सीडी घेऊन या, आम्ही उतरवून तुमच्या तुम्हाला परत देतो. ज्यांच्या इमारती यंदा पुनर्विकासाला जाणार आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, कारण त्यांचे माळे दिवाळीपर्यंत रिकामे होतील. आणि वाचकहो, तुमच्या बाल्कनीत एखादी तबकडी टांगलेली असेल तर ती आजच्या आज खाली उतरवा, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा आणि एकदा लावून पाहा. उन्हाने तिचे जे व्हायचे ते झालेले असेलही. पण तिच्यावर काय होते हे तरी कळेल, आणि तिच्या सोबतीच्या बाकीच्या तबकड्या माळ्यावरून खाली येतील.